टर्की उतरली म्हणजे व्यसन सुटलं नाही: गर्दच्या व्यसनात औषध आणि समुपदेशन एकत्र कसं चालवायचं

गर्द, ब्राऊन शुगर, ट्रामाडॉलच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, अफू. नावं वेगळी असली तरी व्यसन एकाच घराण्याचं आहे, ओपिऑइडचं, म्हणजे अफूचं आणि अफूसारखं काम करणाऱ्या पदार्थांचं. त्यावर आपल्याकडे सर्रास होणारा उपाय असा: मुलाला पंधरा-वीस दिवस केंद्रात ठेवायचं, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा शारीरिक त्रास) उतरू द्यायची, 'आता शरीर स्वच्छ झालं' म्हणून घरी आणायचं आणि शपथ घालायची. बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पुडी परत हातात येते. घरचे म्हणतात, याची इच्छाशक्तीच कमी. पण इथे उपचार संपलेला नसतो, तो सुरूच झालेला नसतो.

शिवाय यात जिवाचा धोका आहे. तीन आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते. माणूस मात्र जुन्याच मापाने ओढतो किंवा सुई घेतो, आणि श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. या व्यसनावरची औषधं, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, नियमित चालू असताना मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

'एका नशेच्या जागी दुसरी नशा' हा आक्षेप घरोघर ऐकू येतो. गर्दचा असर काही तासांत चढतो आणि उतरतो. दिवसातून तीन-चार वेळा टर्की, त्यासाठी पैसा, त्यासाठी चोरी किंवा उधारी, या चक्रात सगळा दिवस जातो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी २४ तासांहून जास्त पुरते आणि रक्तातली पातळी सपाट ठेवते. योग्य डोसवरचा माणूस गुंगीत नसतो. तो कामावर जातो, हिशोब ठेवतो, मुलाला शाळेत सोडतो. शरीराला औषधाची सवय राहते हे खरं, पण ती सवय आणि ते चक्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे दिलेले डोस डॉक्टर काय करतात आणि का करतात हे कळावं म्हणून आहेत. घरी स्वतः प्रयोग करण्यासाठी ते नाहीत.

पहिली भेट: काय न्यायचं, काय सांगायचं

जुने रिपोर्ट, चालू असलेली सगळी औषधं (पाकिटासकट) आणि ओळखपत्र न्यायचं. घरातलं एक माणूस सोबत असावं, पण पहिली पंधरा मिनिटं रुग्णाने डॉक्टरशी एकट्याने बोलावं. बायको किंवा आईसमोर सुईबद्दल किंवा उधारीबद्दल खरं बोलणं कठीण जातं.

पाच गोष्टी खऱ्याच सांगायच्या: नेमकं काय घेतो, रोज किती, कुठल्या मार्गाने (पन्नीवर म्हणजे चंदेरी कागदावर तापवून ओढून, गोळीने, सुईने), शेवटचं कधी घेतलं, आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का. सगळ्यात जास्त लपवली जाते ती शेवटची. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम (मालेगावात ज्याला कुत्ता गोळी म्हणतात) यांच्यासोबत ओपिऑइडचं औषध श्वास मंदावू शकतं. लपवलं तर डॉक्टर नेहमीच्या मापाने सुरुवात करतील आणि धोका रुग्णाच्या गळ्याशी येईल. दुसरीकडे, झोपेच्या गोळ्या आहेत म्हणून ब्युप्रेनॉर्फिन नाकारणंही चूकच. तेव्हा डोस सावकाश वाढवायचा आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या वेळापत्रकाने हळूहळू कमी करायच्या. त्या एकदम तोडल्या तर फिट येते.

तपासण्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, यकृताचे एन्झाइम, बायकांमध्ये गर्भधारणेची चाचणी, आणि खोकला किंवा वजन घट असेल तर क्षयाची तपासणी. पन्नीवर ओढणाऱ्यांची छाती आधीच खराब असते, त्यामुळे 'ओढण्याचा खोकला' म्हणून क्षय निसटतो. रिपोर्ट येईपर्यंत औषध अडवून धरायचं कारण नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्याच दिवशी सुरू करता येतं.

तीन औषधं, आणि कोणाला कुठलं

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ज्या कुलपात गर्द बसतो त्याच कुलपात बसतं, गर्दपेक्षा घट्ट, पण ते अर्धंच उघडतं. म्हणून तलफ आणि टर्की भागते, नशा मात्र एका मर्यादेपुढे चढत नाही, आणि श्वासावरचा परिणामही एका पातळीला अडतो. वरून गर्द ओढला तरी फारसं काही लागत नाही. भारतात ते बहुतेक वेळा नॅलॉक्सोनसोबत (ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध) ४:१ प्रमाणात येतं, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या गोळीत अर्धा मिलिग्रॅम नॅलॉक्सोन. जिभेखाली ठेवल्यावर नॅलॉक्सोन जवळजवळ शोषलंच जात नाही. कोणी गोळी विरघळवून शिरेत टोचली तर मात्र ते काम करतं आणि टर्की आणतं. ते घातलंय ते एवढ्यासाठीच. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मागायची नाही. मान्यताप्राप्त केंद्रं आणि हॉस्पिटलांतूनच ती घ्यायची.

मेथाडोन कुलूप पूर्ण उघडतं. जुनं, जड व्यसन असेल आणि ब्युप्रेनॉर्फिन पुरत नसेल तर ते उपयोगी पडतं. पातळ औषधाच्या रूपात, नर्ससमोर प्यायचं. सुरुवात १० ते ३० मिलिग्रॅमने, वाढ काही दिवसांच्या अंतराने ५ ते १० मिलिग्रॅमची. ते शरीरात साठत जातं. सोमवारी कमी वाटलेला डोस गुरुवारी जास्त ठरू शकतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत घाई केली तर जीव जातो. हृदयाच्या तालावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ईसीजी काढतात. आपल्याकडे मेथाडोनची केंद्रं मोजकीच आहेत.

नॅल्ट्रेक्सोन त्याच कुलपाला बोळा घालतं. रोज ५० मिलिग्रॅमची गोळी, नशा अजिबात नाही, सवय लागत नाही. घरच्यांना हे सर्वांत आवडतं, कारण ते 'नशेचं औषध' नाही. अडचण अशी की सुरू करण्याआधी ७ ते १० दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं, तलफ ते फारशी भागवत नाही, आणि मनात आलं की रुग्ण गोळी टाळतो. टाळल्यावर सवय मोडलेल्या शरीरात गर्द गेला की ओव्हरडोस. ज्याची नोकरी आणि घर शाबूत आहे, ज्याच्या हातात रोज गोळी ठेवून ती गिळताना बघणारं माणूस आहे, अशालाच ते जमतं. यकृताचे एन्झाइम ३ ते ५ पटींहून वाढलेले असतील तर टाळावं. ही गोळी चालू असताना अपघात झाला तर नेहमीची ओपिऑइड वेदनाशामकं लागू पडत नाहीत, म्हणून खिशात तशी चिठ्ठी हवी.

बहुतेकांसाठी आमचं उत्तर ब्युप्रेनॉर्फिन हेच आहे, त्यामुळे पुढचं वर्णन त्याचं.

पहिला दिवस

उपचार बिघडतो तो बहुधा याच दिवशी, आणि कारण ठरलेलं असतं: गोळी लवकर दिली. अंगात गर्द असताना ब्युप्रेनॉर्फिन गेलं तर ते गर्दला कुलपातून ढकलून देतं आणि स्वतः अर्धंच उघडतं. पूर्णावरून अर्ध्यावर अशी एकदम घसरण झाली की अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की येते. रुग्ण म्हणतो, 'या गोळीनेच मला मारलं', आणि परत त्या केंद्राची पायरी चढत नाही.

म्हणून घड्याळ आणि लक्षणं दोन्ही बघायची. गर्द असेल तर शेवटच्या वेळेपासून निदान १२ तास, लांब असर असलेल्या ट्रामाडॉलच्या गोळ्या असतील तर २४ तास, मेथाडोन असेल तर ३६ ते ७२ तास. नुसतं घड्याळ पुरत नाही, कारण वेळ खोटी सांगितली जाते. लक्षणांसाठी कॉव्ज नावाची ११ मुद्द्यांची गुणतालिका आहे: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावर काटा, नाक गळणं, पोट, सांधेदुखी, थरथर, अस्वस्थता, चिडचिड. ५ ते १२ गुण म्हणजे सौम्य, १३ ते २४ मध्यम. निदान ८ गुण, शक्यतो १२ च्या आसपास झाल्यावर पहिली गोळी द्यावी. बाहुल्या आणि काटा ही नाटक करता न येणारी लक्षणं, त्यांवर जास्त भरवसा ठेवायचा.

सकाळी लवकरची वेळ घ्यावी. आदल्या संध्याकाळी शेवटचं घेतलेलं असेल तर १२ तास आपोआप भरतात.

पहिला डोस २ ते ४ मिलिग्रॅम. एक-दोन तास बसवून ठेवायचं. आराम पडला पण लक्षणं उरली तर आणखी २ ते ४. पहिल्या दिवशी एकूण ८ पर्यंत जाता येतं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची बेरीज एकदम द्यायची आणि गरजेप्रमाणे १२ ते १६ पर्यंत वाढवायचं.

लवकर दिल्यामुळे टर्की भडकलीच तर घाबरून गोळी बंद करू नये. बहुतेक वेळा आणखी ब्युप्रेनॉर्फिन देऊनच ती आटोक्यात येते, जोडीला उलटी, जुलाब आणि अंगदुखीची साधी औषधं. टर्कीची लक्षणं कमी करणारं पण रक्तदाब उतरवणारं क्लोनिडीन द्यायचं तर आधी रक्तदाब मोजायचा. ९०/६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही. झोप येत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी देणं हे या दिवशीचं सर्वांत घातक 'प्रेम' आहे.

मेथाडोनवरून बदलताना किंवा वाट बघणं जमतच नसेल तेव्हा अगदी बारीक, ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमपासून चढत जाण्याची पद्धतही आता वापरतात. ती अनुभवी डॉक्टरच्या हाताखालीच.

गोळी जिभेखाली कशी ठेवायची

गिळली तर ती वाया जाते, कारण यकृत तिचा मोठा भाग पहिल्याच फेरीत निकामी करतं. आधी एक घोट पाणी पिऊन तोंड ओलं करायचं, कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. जिभेखाली ठेवून मान किंचित पुढे झुकवायची. ५ ते १० मिनिटं बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही, चघळायचं नाही. आधी किंवा लगेच नंतर तंबाखू किंवा मावा नको. पूर्ण विरघळल्यावर पाण्याची चूळ भरून ते पाणी गिळायचं आणि दात घासायला निदान एक तास थांबायचं. या औषधाने दात किडतात असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

'गोळी पुरत नाही' अशी तक्रार आली की डोस वाढवण्याआधी ती समोर ठेवायला सांगून बघावं. निम्म्या वेळा गडबड इथेच सापडते.

डोस बसवणं

पहिल्या दोन आठवड्यांत एकच प्रश्न रोज विचारायचा: पुढच्या गोळीच्या आधीचे शेवटचे चार तास कसे जातात? जांभया, नाक गळणं, पहाटे जाग, चिडचिड असेल तर डोस कमी आहे. जेवताना झोप लागत असेल, बोलताना डोळे मिटत असतील, तर जास्त आहे किंवा सोबत दुसरं काही चालू आहे.

टिकाऊ डोस बहुतेकांचा ८ ते १६ मिलिग्रॅम, काहींचा २४ पर्यंत. आपल्याकडे हात आखडता घेण्याची सवय आहे. ४ मिलिग्रॅमवर टर्की थांबते, म्हणून डॉक्टर तिथेच थांबतात, घरचेही खूष. पण तलफ बंद व्हायला आणि वरून ओढलेल्या गर्दचा असर अडवायला जास्त लागतं. अर्धवट डोसवरचा माणूस आठवड्यातून दोनदा पुडी घेतो आणि सगळे म्हणतात, औषधाने काही होत नाही. मूळ कारण त्या ४ मिलिग्रॅममध्ये असतं.

बद्धकोष्ठ होणारच, पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी सुरू करावं. घाम आणि डोकेदुखी सहसा काही आठवड्यांत कमी होते.

समुपदेशन कुठे बसतं

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी, कारण तीवर अनेक केंद्रांचं आमच्याशी पटत नाही. समुपदेशनाला आला नाही म्हणून गोळी अडवायची नाही. औषध एकट्यानेही जीव वाचवतं. ओपिऑइडच्या बाबतीत समुपदेशन एकट्याने तेवढं करत नाही. डॉक्टर नीट लक्ष देत असतील तर वरून घातलेल्या समुपदेशनाचा फायदा सगळ्याच अभ्यासांत दिसलेला नाही. मग ते कशासाठी? औषध तलफ शमवतं, पण मोकळी झालेली संध्याकाळ, तुटलेले पैशाचे व्यवहार, बायकोचा गेलेला विश्वास, जुना मित्र दारात उभा राहणं, यांवर गोळी नाही. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा नैराश्य जोडीला असेल तर समुपदेशनाची गरज दुप्पट.

पहिल्या आठवड्यात लांबलचक बैठक घेऊ नये. टर्कीतल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. वीस मिनिटं, आणि तीही ऐकण्यासाठी: त्याला स्वतःला काय बदलायचंय, व्यसनाने काय दिलं (हेही विचारायचं) आणि काय नेलं. उपदेश केला की तो बचावाला लागतो. कारणं त्याच्याच तोंडून आली की ती टिकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून साखळी मांडायची. वहीच्या एका पानावर पाच रकाने: कधी आणि कुठे, सोबत कोण, मनात काय आलं, अंगाला काय वाटलं, पुढे काय केलं. समजा, तारीख १०, पगार खात्यात आला. संध्याकाळी ६, स्टेशनबाहेर. जुना जोडीदार भेटला. मनात आलं, 'महिनाभर सरळ राहिलो, एकदा चालतं'. पोटात गोळा, तळहाताला घाम. पुडी घेतली. आता कडी कुठे तोडता येते ते शोधायचं. पगार दोन महिने आईच्या किंवा बायकोच्या खात्यात वळवता येईल, घरी यायला दुसरा दरवाजा किंवा दुसरी बस चालेल, त्या दिवशी ६ वाजता भावाने स्टेशनवर यावं. 'मन घट्ट कर' ही तोडलेली कडी नव्हे.

'एकदा चालतं' या वाक्याचं उत्तरही आधीच लिहून ठेवायचं, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, कारण ऐन वेळी सुचत नाही.

तलफेची लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. ती कायम वाढतच जाईल अशी भीती असते, म्हणून माणूस लगेच शरण जातो. बैठकीत बसून सराव करायचा: डोळे मिटून तलफ अंगात कुठे आहे ते बघायचं, दर पाच मिनिटांनी तिला १० पैकी गुण द्यायचे. दोन-तीनदा स्वतः लाट उतरताना पाहिली की पटतं. मात्र रोज दुपारी ठरावीक वेळी तलफ येत असेल तर व्यायाम शिकवत बसू नका, डोस तपासा.

बक्षिसाची पद्धत आपल्याकडे फारशी वापरत नाहीत, पण तिच्या बाजूने पुरावा चांगला आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की त्याच दिवशी छोटं बक्षीस: मोबाईलचं रिचार्ज, किराण्याचं कुपन. रोख नको. सलग स्वच्छ आली की रक्कम थोडी वाढते, एकदा खराब आली की परत पहिल्या पायरीवर. शिक्षा नाही, बोलणी नाहीत. लोक म्हणतात, चांगलं वागायला लाच कशाला? गर्दचं बक्षीस दोन मिनिटांत मिळतं आणि सरळ राहण्याचं दोन वर्षांनी, हा मधला खड्डा बुजवायला.

घरच्यांसाठी निदान चार बैठका हव्यात. त्यांत ठरवायचं: गोळ्या कोणाकडे राहणार, पैसे कोणाकडे, पुडी सापडली तर काय बोलायचं आणि काय नाही. रोज रात्री खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं हे थांबवायचं. त्याऐवजी गोळी समोर घेणं आणि ठरलेल्या दिवशी तपासणी, एवढ्यावर विश्वास ठेवायचा.

नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभांचा अनेकांना आधार होतो. तिथे एखादा जुना सदस्य सांगेल, गोळीवर आहेस म्हणजे तू 'क्लीन' नाहीस. सभा चालू ठेवावी, औषधाचा निर्णय डॉक्टरकडेच ठेवावा.

भेटींचं साधारण वेळापत्रक असं पडतं: पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड, पहिला महिना आठवड्याला दोनदा, तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याला एकदा, मग पंधरवड्याने आणि वर्षभरानंतर महिन्याने. औषधाची आणि समुपदेशनाची वेळ एकाच दिवशी, एकाच जागी ठेवा. कामावरून दोनदा सुट्टी मागायला लावलं की दोन्ही सुटतात. रोज केंद्रात येऊन गोळी घेण्याची सक्ती रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सुईने नशा करणाऱ्यांसाठी चालणाऱ्या सरकारी केंद्रांनीही घरी न्यायला गोळ्या दिल्या. स्थिर झालेल्या रुग्णासाठी ही मागणी जरूर करावी. घरी आणलेल्या गोळ्या कुलपात. लहान मुलाच्या तोंडात एक गोळी गेली तरी जीव जाऊ शकतो.

लघवीची तपासणी आणि तिचे घोटाळे

मॉर्फिनची साधी पट्टी गर्द आणि कोडीन पकडते, साधारण दोन-तीन दिवसांपर्यंतचं. ट्रामाडॉल तिच्यावर दिसत नाही, ब्युप्रेनॉर्फिनही नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी कोरी आली तर गोळी विकली जातेय का, हे विचारावं लागतं. बहुतेक वेळा उत्तर 'मित्राला टर्की होती, त्याला दिली' असं असतं.

आणि खसखस, म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. दिवाळीत अनारसे हाणले की मॉर्फिनची पट्टी खरोखरच उमटू शकते. एका पट्टीवरून घरात रणकंदन करू नये. शंका असेल तर प्रयोगशाळेतून खातरजमा करून घ्यावी. तपासणी डोस ठरवण्यासाठी असते, हकालपट्टीसाठी नाही.

गाडं अडतं ते कुठे

क्षयाचं औषध सुरू झालं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत टर्की परत आली, तर रुग्ण खोटं बोलत नाही. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावून मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन भराभर संपवतं. डोस वाढवावा लागतो. क्षयाचा कोर्स संपल्यावर तो परत उतरवायला विसरलं तर उलटी अडचण. एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झही मेथाडोनची पातळी पाडतं. म्हणून दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवणं रुग्णाच्या घरच्यांनी स्वतःकडे घ्यावं. आपल्या व्यवस्थेत ते आपोआप होत नाही.

ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तरी त्याचं व्यसन संपलेलं नाही. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांना फिट येऊ शकते. आधी कधी फिट आली असेल तर पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

ऑपरेशन ठरलं की 'गोळी आठ दिवस बंद करा' असा सल्ला अजून मिळतो. बंद करायची गरज सहसा नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोस सांगा, वेदनेचं नियोजन ते त्याप्रमाणे करतात. गरोदरपणात तर एकदम बंद करणं बाळाला घातक. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू ठेवायचं. जन्मानंतर बाळाला काही दिवस टर्कीसारखी लक्षणं येऊ शकतात, त्यांवर उपचार आहेत, आणि आई स्थिर असेल तर स्तनपान करता येतं.

एखाद्या दिवशी पुडी घेतली गेली, तर दुसऱ्या दिवशी गोळी नेहमीप्रमाणे चालू. त्याच आठवड्यात बैठक, साखळीचं नवं पान. ब्युप्रेनॉर्फिन पाच दिवसांहून जास्त चुकलं असेल आणि मध्ये गर्द चालू असेल तर पहिल्या दिवसाची सगळी काळजी पुन्हा घ्यायची. मेथाडोनचे सलग ३ दिवस जरी चुकले तरी जुना डोस घ्यायचा नाही, केंद्रात जाऊन पुन्हा ठरवून घ्यायचा.

श्वास थांबला तर

टाचणीएवढ्या बाहुल्या, निळसर ओठ, घोरल्यासारखा किंवा मिनिटाला दोन-चारच श्वास, हलवून जाग नाही. १०८ ला फोन. नॅलॉक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची कुपी असेल तर मांडीच्या स्नायूत टोचायची, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. तोवर तोंडाने श्वास देत राहायचं. श्वास आला की एका कुशीवर झोपवायचं. मीठ-पाणी पाजणं, गार पाणी ओतणं, चालवत फिरवणं, यात वेळ घालवू नये. शुद्धीवर येऊन तो 'मी ठीक आहे' म्हणाला तरी सोडायचं नाही: नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि गर्द त्यानंतरही अंगात असतो. कुपी आणि सुई आणीबाणीसाठी घरी ठेवता येईल का, आणि ती कशी टोचायची, हे केंद्रात आधीच विचारून घ्यावं.

कायदा आणि केंद्राची निवड

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळले जातात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. हेरॉइनसाठी (गर्द म्हणजे हेरॉइनच) अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. उपचाराचे कागद म्हणून जपून ठेवावेत.

केंद्र बघायला जाल तेव्हा विचारा: ब्युप्रेनॉर्फिन देता का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, सुटी झाल्यावर पाठपुरावा कोण करतं, मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलेलं आहे. बांधून, उपाशी ठेवून 'टर्की जिरवणाऱ्या' जागेतून माणूस लगेच बाहेर काढावा. केंद्र सापडत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि मनाची अवस्था वाईट असेल तर टेलिमानसचा १४४१६.

बंद कधी करायचं

हा प्रश्न घरचे पहिल्याच आठवड्यात विचारतात. वर्षाच्या आत विषय काढू नये. काम, घर, झोप जागेवर असेल, काही महिने तपासण्या स्वच्छ असतील आणि इच्छा रुग्णाची स्वतःची असेल (सासऱ्यांची नव्हे), तरच. मग दर दोन ते चार आठवड्यांनी २ मिलिग्रॅमहून जास्त उतरवायचं नाही. शेवटचे २ ते ४ मिलिग्रॅम सर्वांत जड जातात, तिथे ०.४ च्या गोळ्यांनी बारीक पायऱ्या कराव्या लागतात. या काळात समुपदेशन कमी नाही, उलट दर आठवड्याला करायचं. तलफ परत आली की आधीच्या पायरीवर जायचं, आणि तिथे महिना-दोन महिने थांबायचं. काही जण वर्षानुवर्षं थोड्या डोसवर राहतात, रक्तदाबाच्या गोळीसारखे, आणि त्यांना उतरवण्यामागे वैद्यकीय कारण काहीच नसतं.